बाबा खिडकीत उभे आहेत

हॅलो?

हो, शशांकच. …जिवंत आहे. …ताई, तुझी केळ जिवंत आहे. आधी श्वास घे.

मग रात्री चार मिस्ड कॉल कशाला म्हणजे? अगं ऐक ना… हो, नागवेलही जिवंत आहे. बाथरूममध्ये. …दमटपणा लागतो असं तूच म्हणालीस. …क्रोटन पण तिथेच. …मी? मी स्टेशनमागच्या सार्वजनिक न्हाणीत जातो अंघोळीला. …नाही गं, मावलो असतो, पण नागवेलीला गर्दी सोसत नाही.

पाणी कोमटच घालतो. …घोटभर. …पानं पुसतो. …हो, दोन्ही बाजूंनी. ताई, माझी सोडून सगळ्यांची चौकशी झाली, आता मला बोलू दे. इथे पावणेअकरा वाजलेत आणि अकराला मोरिता-सान वर येणार आहेत.

मोरिता-सान गं, माझी घरमालकीण. खालच्या मजल्यावर राहतात. …नाही, तू नाही भेटलीस. डिसेंबरच्या शेवटी पुण्याला जाताना तू आणि विवेक भावजी कुंड्या ठेवायला आलात ना, तेव्हा त्या बहिणीकडे गेल्या होत्या, मियागीला. तिथेच सगळं बिघडलं.

वडलांना भेटायला येणार आहेत.

…

आपल्या वडलांना. बाबांना. …नाही, बाबा पुण्यातच आहेत. मला माहितेय. …ताई, तेच सांगतोय. बाबा पुण्यात आहेत, हीच अडचण आहे.

नाही, प्यायलो नाहीये. रविवारी सकाळी कोण पितं? …सुरुवातीपासून सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. …हे बघ, बोललीस.

तर. या घराची वीज भाड्यातच येते, त्यामुळे विजेवर राज्य मोरिता-सानांचं. भूकंपानंतर वीज पाळीपाळीने जायची, तेव्हा त्यांनी जिन्यात एक कागद लावला. खोलीत माणूस नसेल तर हीटर बंद. …हो, अजून आहे. दुसरा हिवाळा चाललाय, कागदही तोच आणि मोरिता-सानही त्याच. …अगं, वाद कसा घालू? त्यांची बहीण भूकंपानंतर दोन महिने शाळेच्या जिममध्ये राहिली. लाकडी जमीन, एक पांघरूण. त्यानंतर रिकाम्या खोलीत हीटर चालू ठेवणारा माणूस त्यांना माणूसच वाटत नाही. मलाही वाटेनासा झाला होता.

पण तुझी ऑर्डर होती, बारा डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मी सकाळी साडेआठला घर सोडतो, रात्री आठला येतो. हीटर बंद केला की दुपारी खोलीत सहा. …मोजलं ना. थर्मामीटर तूच बांधून गेलीस तिच्या दांड्याला.

मग काय, ठेवून गेलो चालू. …हो, चोरून. …एक दिवस. दुसऱ्या दिवशी मोरिता-सान जिन्यात उभ्या. म्हटलं, संपलं. तर म्हणाल्या, चालू राहू द्या. दिवसाही राहू द्या. अशा परिस्थितीत नियम बाजूला ठेवायचा असतो.

हो ना! मलाही वाटलं, किती समजूतदार बाई. मी आठ वेळा वाकलो. म्हटलं, शेवटी झाडांवर प्रेम करणारा देश आहे.

…कशी परिस्थिती ते नाही विचारलं. कशाला विचारू? हीटर चालू होता.

मग दाराला पिशवी लटकवलेली दिसली. संत्री, ती छोटी, मिकान. …खाल्ली. …चौदा. …अगं, माझ्याच दाराला होती, मी काय गल्लीत वाटू? मग लोकरीचे मोजे आले. मग त्या शेकायच्या पुड्या. बनियनवर चिकटवतात ना त्या. …केळीच्या कुंडीला लावल्या. …बाहेरून. …मुळांना नाही गं, मी वेडा आहे का?

…ते बोलू नकोस आता.

काल संध्याकाळी त्या वर आल्या, दारापर्यंत. आज सेत्सुबुन आहे ना. …तेच, भाजलेले सोयाबीन अंगणात फेकायचे आणि आपल्या वयाइतके खायचे. त्यांनी विचारलं, वडलांचं वय काय? मी सांगितलं बासष्ट. …बासष्टच ना? …मार्चमध्ये त्रेसष्ट, ठीक आहे, म्हणजे चूक नाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बासष्टाव्या वर्षी दिवसभर खिडकीत उभं राहायचं म्हणजे गुडघ्यांचं काय होत असेल.

…

हो. मलाही एवढाच वेळ लागला.

अशी कशी दिसेल म्हणजे? ताई, उजेड हवा, खिडकीपाशी ठेव, हे कुणी सांगितलं? खिडकीची काच धुरकट आहे. गल्लीतून नुसती आकृती दिसते. केळ माझ्या खांद्याएवढी. त्यात आईला फोन केला, तर आई म्हणाली, शेंड्याच्या पोंग्याला थंडी लागली की सगळं गेलं, कानटोपी घाल.

…कानटोपी. …हो, खरी. बाबांची ती चॉकलेटी. मी निघताना त्यांनी बॅगेत कोंबली होती. …मी कशी घालणार? मला ऑफिस असतं, तिला नसतं.

…हो, स्वेटर पण आहे. निळा. …कारण दोन पानं खाली लोंबत होती, मोडतील म्हणून बाह्यांत घातली. …दोन्ही. …नाही, मफलर नंतर. नुसता स्वेटर बरा दिसेना.

उजेड मिळतो ना! तीन पानं वर मोकळी आहेत की. मोरिता-सान म्हणाल्या, तुमचे वडील घरातसुद्धा छत्री घेऊन उभे असतात, आम्ही काही विचारलं नाही, प्रत्येकाच्या देशाची एक पद्धत असते.

हसू नकोस. …ताई, हसू नकोस, महिनाभर ती बाई रोज सकाळी गल्ली झाडताना वर बघून वाकते. सुप्रभात म्हणते. आज वारा आहे, उद्या बर्फ पडेल, सगळं सांगते. …मी ऐकायचो ना! मला वाटायचं, मलाच म्हणतायत. मी आतून दात घासत उत्तर द्यायचो. …हो. त्यांना वाटायचं, वडील बोलतायत. तोंडात काहीतरी धरून.

आणि मान हलवतात म्हणे कधीकधी. …सव्वासातला हीटरचा टायमर लागतो, तेव्हा. …झोत थेट नाही येत गं, भिंतीवर आपटून येतो! पान करपलं नाहीये. …एकाची कड. …अर्धा इंच.

म्हणाल्या, तुमचे वडील कमी बोलतात, पण समोरच्याचं ऐकून घेतात. …मलाही. बाबांबद्दल हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग तेव्हाच का नाही सांगितलं? …ताई, माझं जपानी ऑफिसचं आहे. त्यात मीटिंग पुढे ढकलता येते, उशिराबद्दल माफी मागता येते. त्यात केळ नाही. …मी म्हटलं, तपासून कळवतो. …हो, वडलांबद्दल. तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, तपासू नका, मीच उद्या अकराला येते.

आता बघ, खरं सांगितलं की सवलत गेली. दिवसा हीटर बंद. आणि उद्यापासून तीन दिवस उणे दोन दाखवतायत.

…हो. मग गेलीच.

…माहितेय गं. …ताई, मला माहितेय. भूकंपानंतर महिनाभर तुम्ही पुण्यात होतात, परत आलात तेव्हा कपाट आडवं, काचा फुटलेल्या, आणि ही तेवढी उभी. भावजींनी फोटो पाठवला होता. …रडू नकोस ना आता. म्हणून तर रात्री चार वेळा फोन केला.

…गीताकडे? गीताकडे मांजर आलंय. त्याने तिचा मनी प्लांट खाऊन उलटी केली. …ऑफिसात? ऑफिसात दिवसा एकोणीस आणि शनिवार-रविवार काहीच नाही. आमच्या साहेबांनाच तिथे पाला फुटत नाही.

…बाबा काल परत गेले असं सांगू? मग हीटर कोणासाठी? …आई आली म्हणून? ताई, आई केवढी आहे? …आणि छत्री? …साडी मला नेसवता येत नाही. …नाही, पंधरा मिनिटांत तर नाहीच. आता दहा राहिलीत.

कोण आहे मागे? …बाबा? सकाळी सव्वासातला बाबा तुझ्या सासरी काय करतायत? …फिरायला निघाले आणि चहाला थांबले. बरं. …नको, देऊ नकोस. …ताई, नको, देऊ…

हॅलो बाबा. …हो, बरा आहे. …जेवतो. …हो, ऐकलंत तर सगळं. …नाही नाही, तुमच्या नावाला काही धक्का नाही. उलट गल्लीत तुमच्याबद्दल फार चांगलं मत आहे. शांत, सभ्य, पहाटे उठणारे. …हो, उभेच. …बाबा, खुर्चीत नाही बसवता येत, केळ आहे. …हो, तोच निळा. …कोपराला भोक नव्हतं, आता आहे. पान बाहेर आलंय.

…तुम्ही बोलणार? कुठल्या भाषेत? …हो, आठवतंय. एक्क्याऐंशी साली तुमच्या बँकेत जपानी पाहुणे आले होते. …तुम्ही त्यांना हार घातला होता. …नाही बाबा, तेवढ्या ओळखीवर नाही व्हायचं.

…काय? …खरं सांगितलं की केळ मरेल, बाबा. ताई तिथेच बसलीय ना, तिच्या तोंडाकडे बघा आणि मग सांगा.

…हो, एकट्याच असतात खाली. …मुलगा ओसाकाला. …फारसा नाही येत. …हो, रोज. रोज बोलतात. …हं.

…हं.

…नाही, बरोबर आहे. रोज कुणाशी बोलतोय हे तरी माणसाला माहीत असायला हवं. …हो. …हो, सांगतो. …नाही, तपासून कळवतो नाही म्हणत, सरळ सांगतो.

बेल वाजली. …अकरा नाही वाजले, आठ मिनिटं बाकी आहेत. इथे यालाच वेळेवर म्हणतात. बाबा, ताईला द्या. …ताई, ठेवू नकोस. आलोच.

हाय! हाय, हाय! दोऊझो, दोऊझो!

…

ताई? हळू बोलतोय. आत आल्या. हातात सोयाबीनची पुडी, गाठ मारलेली. वडलांची पाठ दिसली तशा दारातच वाकल्या. …नाही, अजून नाही सांगितलं. …वाकलेल्या माणसाला कसं सांगू? सरळ होऊ देत.

…अजून वाकलेल्याच आहेत. वडलांनी वळायची वाट बघतायत.

…झाल्या सरळ. थांब.

मोरिता-सान… आनो… चिची वा इंदो देसु. कोरे वा… बानाना देसु.

…

सांगितलं, ताई. वडील भारतात आहेत, ही केळ आहे. माझं आजवरचं सगळ्यात शुद्ध जपानी.

…जवळ गेल्या. …फिरून पुढे गेल्या. …टोपी उचलली. आत बघितलं. परत ठेवली, नीट, कानांवर ओढून. म्हणजे कान असायला हवेत तिथे. …बाही चाचपली. पान हातात आलं. …सोडत नाहीत.

…विचारतायत, मोजे कुठे आहेत? …हाय. कोरे देसु. …माझ्या पायात आहेत, दाखवले. …हो, एक पाय वर करून.

…नाही, हसत नाहीत. रडतही नाहीत. तू थांब जरा.

…

विचारतायत, मग रोज मी बोलत होते ते कोण ऐकत होतं?

…काय सांगू? मी हिच्याकडे बोट केलं. दुसरं कोणी नव्हतंच ना ऐकायला. मी दात घासत होतो.

…ताई, हीटरकडे बघतायत. …रिमोट घेतला. …केला बंद. …हो गं, बंद. …म्हणतायत, नियम माणसांसाठी आहे. रिकाम्या खोलीत नाही म्हणजे नाही. …मी आहे ना, पण त्या उद्याचं बोलतायत. …रिमोट एप्रनच्या खिशात टाकला.

…सांगितलं उणे दोन. त्यांना माहितेय. महिनाभर हवामान त्याच तर सांगत होत्या.

…तुझ्या घराचं? भूकंपानंतरचं? ताई, ते मला नाही येत जपानीत. …अगं, शब्द नाहीत. …बरं. बरं, थांब, करतो.

आनो… मोरिता-सान… जिशिन… आने… उचि… इक्कागेत्सु…

…

सांगितलं. भूकंप, बहीण, घर, एक महिना. एवढेच शब्द आले. मग कपाट कसं पडलं ते मी पडून दाखवलं. आणि ही कशी उभी होती ते दाखवायला परत उभा राहिलो. …हो, हात वर करून. …कळलं असावं. माझ्याकडे नाही बघितलं, हिच्याकडे बघितलं.

…गेल्या. …खाली गेल्या. …रिमोट? घेऊन गेल्या.

…माहीत नाही गं. …सतरा आहे. …हो, मी दांड्यापाशीच उभा आहे. …विवेक भावजींना विचार, इथून पुण्याला कुरिअरने केळ जाते का. …नसेल जात. …सोळा.

…ताई, मी माझं जॅकेटही घालतो तिला. ऑफिसला बिनजॅकेटचा जाईन. …जाईन गं, स्टेशन सात मिनिटांवर आहे, पळत चार. …नाही, तू माफी कशाला मागतेस?

…थांब. जिना वाजतोय.

…वर येतायत. सावकाश. काहीतरी घेऊन येतायत.

…उशी आहे. बसायची, चौकोनी. …आणि थर्मास. आणि विणकामाची टोपली. …माझ्याकडे बघतही नाहीयेत. …उशी केळीशेजारी ठेवली. …बसल्या.

…थांब, बोलतायत.

…

ताई. त्या म्हणतायत, खोलीत माणूस नसेल तर हीटर बंद, असं लिहिलंय. कुठला माणूस ते लिहिलेलं नाही. …हो. उद्यापासून रोज साडेआठला वर येणार. मी ऑफिसातून येईपर्यंत इथे बसणार. …रोज, सोमवार ते शुक्रवार. …तू येईपर्यंत. …हो, महिनाअखेर सांगितलं त्यांना.

…रिमोट काढला. …लावला. …लावला गं ताई, हीटर लावला!

…खाली त्यांचा? तो बंद ठेवून आल्यात. मघाशी खाली गेल्या त्या हेच करायला. नियमाचा कागद त्यांच्या दाराला आतूनही चिकटवलेला असणार. …नाही, तसं खाली त्या एरवीही कोट घालूनच बसतात. एका माणसासाठी एवढं कशाला, म्हणतात. …आता दोघी झाल्या ना.

बाबांना सांग, मोरिता-सान विचारतायत, खरे वडील कधी येणार? …काय म्हणतायत? …एप्रिल? कुणी ठरवलं एप्रिल? …आत्ता. बरं. …सांगितलं. त्या म्हणतायत, चेरीला या. …बाबांनी गुडघ्यांची काळजी करू नये म्हणतायत, इथे खुर्ची मिळेल.

…काय? …मला?

…थांब ताई, मला काहीतरी देतायत. …यादी आहे. …आत्ता लिहिली, पुडीच्या मागे. …मऊ फडकं. पानं मी चुकीच्या दिशेने पुसतो म्हणे. …पाणी फवारायची बाटली. …लोकर, हिरवी, पाच गोळे. …माप घेतायत गं तिचं. दोऱ्याने. …बाहीत पान गुदमरतं म्हणाल्या, बिनबाह्यांचा विणणार.

…आत्ताच जा म्हणतायत. …हो, पण मी घरात असताना… …ताई, त्या म्हणतायत, एका खोलीला एक माणूस पुरे. सुट्टी आहे तर तरुणांनी बाहेर असावं.

…बूट घालतोय. …हो, निघालो.

…जिन्यात आहे आता. …दार लावलं त्यांनी. …कडी लावली, आतून. …माझंच घर, हो. …हळू आवाजात काहीतरी सांगतायत तिला, इथे ऐकू येत नाही.

…जगेल गं. आता नक्की जगेल. …माझं? माझं काय, लोकर घेऊन येतो आणि मग दार वाजवून विचारतो, संध्याकाळी किती वाजता येऊ.

…ठेव.